रेटिनॉइक आम्लाविषयी किनारपट्टीवरून आलेले प्रश्न

'अ' जीवनसत्त्वासंबंधीच्या मागील उत्तरात, त्या जीवनसत्त्वापासून शरीरात तयार होणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा उल्लेख ओझरता आला होता. त्यानंतर रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख याच पदार्थाकडे आहे. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्यालाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून व्यक्तिगत तपशील वगळले आहेत.

प्रश्न (माध्यमिक शिक्षक, गुहागर) : पाठ्यपुस्तकात 'अ' जीवनसत्त्व म्हणजे रेटिनॉल असे दिलेले असते. औषधांच्या वेष्टनांवर मात्र ट्रेटिनॉइन, आयसोट्रेटिनॉइन, रेटिनिल पामिटेट अशी नावे दिसतात. हे सर्व एकच आहे काय? आणि आमच्या मुलांना आंबा, भोपळा खाऊन यांतील नेमके काय मिळते?

ही सारी संयुगे एकाच कुळातील असली तरी त्यांची कामे निरनिराळी आहेत, आणि एकाचे काम दुसरे करील असे गृहीत धरल्यामुळेच पुष्कळ गैरसमज होतात. हापूस, लाल भोपळा, अळू, शेवग्याचा पाला, पावसाळ्यातील टाकळा यांत बीटा कॅरोटीन असते. अंडी, दूध, मासे आणि विशेषतः प्राण्यांचे यकृत यांत रेटिनिल पामिटेटसारखी रूपे असतात. आतड्यातून दोन्ही प्रकारांचे शेवटी रेटिनॉल होते आणि त्याचा साठा यकृतात पामिटेटच्या रूपात राहतो. गरजेप्रमाणे तो रक्तात सोडला जातो. पेशीत पोचलेल्या रेटिनॉलचे रेटिनाल होते. डोळ्याच्या पडद्यावरील प्रकाशग्राही रंगद्रव्याला लागते ते हेच रेटिनाल. या कामासाठी जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

इथपर्यंतची वाट दुहेरी आहे, म्हणजे रेटिनालचे पुन्हा रेटिनॉल होऊ शकते. त्यापुढे मात्र रेटिनालचे रेटिनॉइक आम्ल झाले की शरीराला ते मागे फिरवता येत नाही. याचा सुंदर पुरावा डाउलिंग आणि वॉल्ड यांच्या १९६० सालच्या प्रयोगात मिळतो. ज्या उंदरांना 'अ' जीवनसत्त्वाऐवजी केवळ रेटिनॉइक आम्ल दिले, ते उत्तम वाढले, अंगाने धडधाकट राहिले, पण त्यांना आधी रातांधळेपणा आला आणि पुढे ते पूर्ण आंधळे झाले. दृष्टी आणि वाढ ही या जीवनसत्त्वाची दोन वेगळी कामे आहेत आणि ती दोन वेगळ्या रेणूंकडून होतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

ट्रेटिनॉइन हे रेटिनॉइक आम्लाच्या सरळ साखळीच्या रूपाचे, म्हणजे ऑल-ट्रान्स रूपाचे, औषधी नाव आहे. आयसोट्रेटिनॉइन हे त्याचेच १३-सिस रूप. अणू तेवढेच, मात्र साखळी एका ठिकाणी वळलेली. मुलांच्या आहाराबाबत सांगायचे तर आहारातील सुमारे १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनपासून १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल मिळते आणि साठा पुरेसा असला की शरीर हे रूपांतर आपोआप आवरते घेते. त्यामुळे आंबे खाऊन 'अ' जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषले जाते, म्हणून टाकळ्याच्या किंवा अळूच्या भाजीत ओले खोबरे घालण्याची आपली रीत आहाराच्या दृष्टीनेही योग्य आहे.

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थिनी, रत्नागिरी) : झेब्राफिश या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या लहान माशाच्या भ्रूणांवर रेटिनॉइक आम्लाचा परिणाम पाहण्याचा माझा प्रकल्प आहे. पहिल्या आठवड्यात ठळक परिणाम दिसले. महिनाभराने त्याच कुपीतील द्रावण त्याच प्रमाणात वापरले तेव्हा भ्रूण जवळजवळ सामान्य निघाले. द्रावण फ्रीजमध्ये, पारदर्शक नळीत ठेवले होते. मार्गदर्शक म्हणतात की माझे मोजमाप चुकले. नेमके काय झाले असावे?

आपल्या मोजमापापेक्षा कुपीवर संशय घेणे अधिक रास्त आहे. ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल ही पिवळी स्फटिकी भुकटी असते. रेणुसूत्र सी२०एच२८ओ२, रेणुभार ३००.४४. रेणूच्या एका टोकाला सहा कार्बनांचे कडे, दुसऱ्या टोकाला आम्लगट आणि मध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी. पदार्थाला पिवळा रंग येतो तो या साखळीमुळे, आणि त्याचा घात होतो तोही तिच्यामुळेच. प्रकाश पडला की दुहेरी बंध फिरतात आणि ऑल-ट्रान्स रूपाची १३-सिस, ९-सिस अशी मिश्रणे तयार होतात. हवेतील ऑक्सिजन त्याच साखळीवर चढतो आणि तिचे तुकडे पाडतो. उष्णतेने दोन्ही क्रिया वेगाने होतात. पारदर्शक नळी, ट्यूबलाइटखाली केलेली मोजणी आणि दर वेळी झाकण उघडल्यावर आत गेलेली हवा एवढे महिनाभरात पुरेसे आहे. प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर जुन्या द्रावणाचा थोडा भाग इथेनॉलमध्ये पातळ करून पाहावा. शुद्ध पदार्थाचे शोषण ३५० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. तो उंचवटा खाली बसला असेल किंवा कमी तरंगलांबीकडे सरकला असेल, तर उत्तर आपल्यासमोर आहे.

पुढच्या वेळी असे करावे. हा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून साठ्याचे द्रावण डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये, म्हणजेच डीएमएसओमध्ये करतात. ३ मिलिग्रॅम भुकटी १ मिलिलिटर डीएमएसओमध्ये विरघळवली की सुमारे १० मिलिमोलर द्रावण मिळते. ते लगेच लहान लहान तपकिरी कुप्यांत वाटून, वर अ‍ॅल्युमिनियमची चांदी गुंडाळून, उणे २० अंशांवर किंवा त्याहून थंड ठेवावे. एक कुपी एकदाच वितळवावी, उरलेले फेकून द्यावे, पुन्हा गोठवू नये. कुप्या भरताना वरून नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडता आला तर उत्तमच. काम मंद पिवळ्या किंवा तांबड्या उजेडात करावे.

कोकणात आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते, जी बाहेरच्या कार्यपद्धतीच्या पुस्तकांत सहसा ठळक नसते. जून ते सप्टेंबर आपल्याकडील हवेत इतका दमटपणा असतो की उणे २० अंशांवरून काढलेली भुकटीची बाटली लगेच उघडली तर आतल्या बाजूला पाणी धरते. त्यामुळे वजन चुकते आणि पदार्थही खराब होतो. बाटली बंद ठेवूनच शोषक कणांच्या डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मगच झाकण फिरवावे. डीएमएसओही हवेतील पाणी झपाट्याने ओढून घेते, म्हणून त्याचीही लहान, न उघडलेली बाटली घ्यावी. वीज जाऊन फ्रीजर किती वेळ बंद होता याची नोंद वहीत ठेवावी. अशी नोंद नसल्यामुळे चांगले प्रकल्प वाया जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रमाणाविषयी आपण विचारलेले नाही, पण ते सांगणे अगत्याचे वाटते. पेशींवरील प्रयोगांत १० मायक्रोमोलर हे प्रमाण सर्रास वापरले जाते, आणि ते पाहून विद्यार्थी भ्रूणांसाठीही तेच उचलतात. शरीरातील ऊतींत हे आम्ल नॅनोमोलरच्या पातळीवर काम करते, म्हणजे त्या प्रमाणाच्या साधारण हजाराव्या हिश्श्यात. झेब्राफिशच्या भ्रूणांवर काही नॅनोमोलरपासून पायऱ्या चढत जाव्यात. प्रत्येक पायरीला तेवढेच डीएमएसओ असलेला, पण आम्ल नसलेला नियंत्रण गट ठेवावा आणि डीएमएसओचे अंतिम प्रमाण सुमारे ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नये. पदार्थ प्लास्टिकच्या भिंतींना चिकटतो, म्हणून अतिशय पातळ द्रावणे आयत्या वेळी करावीत. पेशी वाढवायच्या असतील तर माध्यमातील सिरमचाही, म्हणजे रक्तद्रवाचाही, विचार करावा, कारण त्यातील अल्ब्युमिन हे प्रथिन बरेचसे आम्ल धरून ठेवते आणि सिरममध्ये मुळातच थोडे रेटिनॉल असते. हातमोजे आणि मास्क न घालता भुकटी हाताळू नये. प्रयोगशाळेत कोणी गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल, तर हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

प्रश्न (गृहिणी, मालवण) : चेहऱ्यावरील वांगासाठी आमच्या आळीत बऱ्याच जणी दुकानातून मिळणारे एक क्रीम लावतात. त्यात ट्रेटिनॉइन आहे. आरंभी चेहरा उजळला, आता लाल होतो, आग होते आणि लावणे थांबवले की वांग दुप्पट दिसतो. हा 'अ' जीवनसत्त्वाचा दोष आहे काय?

ताई, कृपया नळीवरची बारीक अक्षरे वाचून पाहावीत. वांगासाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या क्रीममध्ये बहुधा तीन औषधे एकत्र असतात : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एखादे स्टेरॉइड. हे मिश्रण त्वचारोगतज्ज्ञांनी ठरावीक आठवड्यांसाठी, देखरेखीखाली द्यायचे असते. आपण वर्णन केलेली लाली, आग आणि थांबवताच उसळणारा त्रास ही लक्षणे चेहऱ्यावर महिनोन्महिने स्टेरॉइड लावल्याची आहेत. त्याने त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, कधी चेहऱ्यावर लव वाढते. ट्रेटिनॉइन त्यात भर घालते ते सोलवटण्याची आणि उन्हाने होणाऱ्या जळजळीची. क्रीम एकदम टाकून न देता ती नळी घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, कारण स्टेरॉइड कसे कमी करायचे हे त्यांनी ठरवायचे आहे.

ट्रेटिनॉइन एकटे, योग्य कारणासाठी दिले असता उपयुक्त औषध आहे. मुरुमांवर ते अमेरिकेत १९७१ पासून मान्यताप्राप्त आहे; त्यापूर्वी अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला होता. त्वचेच्या पेशी केसांच्या मुळांच्या तोंडाशी चिकटून बसतात, त्यांना ते सुटे करते. त्यामुळे काळी-पांढरी टोके धरत नाहीत. उन्हामुळे त्वचेतील कोलॅजेन, म्हणजे तिला घट्टपणा देणारे प्रथिन, तोडणारी विकरे वाढतात. त्यांना हे आम्ल आवर घालते आणि नवे कोलॅजेन तयार होण्यास मदत करते. परिणाम दिसायला मुरुमांत दोनतीन महिने आणि उन्हाने सुरकुतलेल्या त्वचेत त्याहून बराच अधिक काळ लागतो. आरंभीचे काही आठवडे त्वचा कोरडी पडून सोलवटते. वाटाण्याएवढे क्रीम, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा टाळून, ही त्याची पद्धत आहे. रात्रीच का, याचे उत्तर वर रत्नागिरीच्या विद्यार्थिनीला दिले आहे : उजेडात हा रेणू टिकत नाही. बेंझॉइल पेरॉक्साइडही त्याचा नाश करते, म्हणून दोन्ही एकाच वेळी लावू नयेत. पुळणीवर मासे सुकत घालणाऱ्या, दिवसभर बाजारात बसणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर वाळू आणि पाणी यांवरून परतणारे ऊनही पडते. सावली, पदर आणि सनस्क्रीन यांची सोय नसेल तर वांगावर कोणतेही क्रीम टिकाऊ गुण देणार नाही.

प्रश्न (एक आई, चिपळूण) : माझ्या मुलीने मुरुमांसाठी डॉक्टरांच्या सांगण्यावरून आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल सहा महिने घेतल्या. त्या बंद करून चार महिने झाले. आता तिचे लग्न ठरले आहे. या गोळ्यांचा अंश शरीरात राहतो आणि मूल अधू होते, असे एका नातेवाईकांनी सांगितल्यापासून घरात कोणाला झोप नाही. लग्न पुढे ढकलावे काय?

लग्न पुढे ढकलण्याचे काहीही कारण नाही. आयसोट्रेटिनॉइन शरीरातून काही दिवसांत बाहेर पडते, आणि शेवटच्या कॅप्सूलनंतर एक महिना गेला की गर्भधारणा सुरक्षित मानली जाते. आपल्या मुलीचे चार महिने झाले आहेत. नातेवाईकांच्या कानावर कदाचित अ‍ॅसिट्रेटिन या दुसऱ्या औषधाची माहिती आली असेल. ते सोरायसिस या त्वचारोगात देतात आणि ते थांबवल्यावर तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते, कारण मद्याच्या संगतीने त्याचे शरीरात दीर्घकाळ रेंगाळणारे रूप तयार होते. ती दोन औषधे वेगळी आहेत. मुलीच्या कागदपत्रांवरील औषधाचे नाव एकदा डोळ्यांनी पाहून खात्री करून घ्यावी.

मात्र कॅप्सूल चालू असताना गर्भ राहिला असता तर भीती खरीच होती, आणि हे इतक्या स्पष्टपणे लिहिण्याचे कारण म्हणजे हे औषध घेणाऱ्या अनेक मुलींना ते कोणी नीट सांगत नाही. अमेरिकेत १९८२ साली हे औषध बाजारात आले. १९८५ पर्यंत त्याने गर्भावर होणाऱ्या परिणामांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले : कान अपुरे किंवा मुळीच नसणे, चेहऱ्याची आणि टाळूची व्यंगे, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची चुकीची रचना, थायमस ग्रंथी आणि मेंदू यांतील दोष. धोक्याचा काळ गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या आसपास सर्वाधिक असतो, जेव्हा पाळी चुकल्याची शंकाही नुकतीच येत असते. म्हणून औषधाआधी गर्भचाचणी, औषध सुरू होण्यापूर्वी एक महिना, चालू असताना आणि नंतर एक महिना खात्रीचे संततिनियमन हा नियम आहे. त्या काळात आणि नंतरचा एक महिना रक्तदानही करू नये, कारण ते रक्त एखाद्या गरोदर स्त्रीला चढवले जाऊ शकते. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके किंवा 'अ' जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्या त्याबरोबर घेऊ नयेत.

जीवनसत्त्वातून निघालेला पदार्थ गर्भाला इतका अपाय का करतो, हे समजून घेण्यासारखे आहे. गर्भाला हे आम्ल हवेच असते. १९३३ साली टेक्सासमध्ये फ्रेड हेल यांनी 'अ' जीवनसत्त्वरहित आहारावर ठेवलेल्या डुकरिणीची पिल्ले नेत्रगोलांविना जन्मली होती. पण गर्भाला ते मोजून मापून आणि ठरलेल्या जागीच हवे असते. एका भागातील पेशी विकरांच्या साहाय्याने आम्ल तयार करतात, दुसऱ्या भागातील पेशी ते मोडून टाकतात, आणि मधल्या पट्ट्यात त्याचे प्रमाण क्रमाने उतरत जाते. आपल्या खाडीत मुखाशी पाणी खारट असते आणि आत जावे तसे गोडे होत जाते. कोणती शिंपली, कोणती कांदळे कुठे धरायची हे त्या खारटपणावरून ठरते. गर्भातील पेशीही आम्लाच्या प्रमाणावरून आपण मानेकडील की शेपटीकडील हे ठरवतात. औषधाच्या मात्रेने सगळीकडे सारखाच पूर आला की तो उतार पुसला जातो आणि पेशींना आपली जागा कळत नाही.

पेशीच्या आत हा निरोप पोचवणारे ग्राही १९८७ साली स्ट्रासबर्ग येथील पिएर शाँबाँ आणि कॅलिफोर्नियातील रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधले. अल्फा, बीटा, गॅमा असे त्यांचे तीन प्रकार आहेत. ते डीएनएवरच जोडीदार प्रथिनासह बसलेले असतात. आम्ल नसताना ते जवळची जनुके बंद ठेवतात. आम्ल येऊन चिकटले की ग्राहीचा आकार बदलतो, जनुक बंद ठेवणारी प्रथिने सुटतात, उघडणारी प्रथिने येतात, आणि ते जनुक वाचले जाऊ लागते. अशी जनुके शेकडोंनी आहेत. त्यामुळे या आम्लाचा परिणाम एका अवयवापुरता राहत नाही.

प्रश्न (अकरावीचा विद्यार्थी, सावंतवाडी) : 'अ' जीवनसत्त्वाने बेडकाच्या पिल्लाला शेपटीच्या जागी पाय फुटतात, असे ऐकले. हे खरे आहे का?

होय, आणि हे संशोधन भारतात झालेले आहे. भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठातील प्रियंबदा मोहंती-हेजमादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली 'नेचर' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. उपेरोडॉन सिस्टोमा या आपल्याच देशातील बेडकाच्या टॅडपोलची शेपटी कापून त्याला काही काळ 'अ' जीवनसत्त्वाच्या द्रावणात ठेवले असता, काही टॅडपोलमध्ये शेपटीच्या जागी मागचे पाय उगवले. शेपटी पुन्हा उगवणाऱ्या पेशींना आम्लाच्या जादा प्रमाणामुळे आपण धडाच्या मागच्या भागात आहोत असे वाटले, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपण हा प्रयोग घरी करू नये. सह्याद्रीतील बेडकांच्या अनेक जाती आधीच संकटात आहेत.

प्रश्न (एक भाऊ, देवगड) : माझ्या ३४ वर्षांच्या धाकट्या भावाला मुंबईत अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेल्या कॅप्सूल आणि आर्सेनिकचे सलाइन सुरू केले. गावातील मंडळी म्हणतात, जीवनसत्त्वाने बरा होणारा आजार असेल तर गाजराचा रस आणि आंबे भरपूर द्या, आणि आर्सेनिकचे विष कशाला घेता? आम्ही गोंधळलो आहोत.

दादा, आपल्या भावाला मिळत असलेले उपचार योग्य आहेत आणि त्यांत खंड पडू देऊ नये. रक्ताच्या कर्करोगांमध्ये हा प्रकार एके काळी सर्वांत जलद मृत्यू आणणारा मानला जाई, कारण त्यात रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडते आणि मेंदूत रक्तस्राव होतो. आज तो बरा होण्याची शक्यता सर्वाधिक असलेल्या प्रकारांत गणला जातो, आणि त्याचे मोठे श्रेय रेटिनॉइक आम्लाला आहे.

या आजारात १५ व्या आणि १७ व्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांशी अदलाबदल करतात. १७ व्या गुणसूत्रावर रेटिनॉइक आम्लाच्या अल्फा ग्राहीचे जनुक असते. ते १५ व्या गुणसूत्रावरील पीएमएल नावाच्या जनुकाला जोडले जाते आणि एक जोडप्रथिन तयार होते. हे जोडप्रथिन शरीरातील नेहमीच्या अल्प प्रमाणातील आम्लाला दाद देत नाही. पांढऱ्या पेशींना प्रौढ करणारी जनुके त्यामुळे बंदच राहतात, आणि पेशी प्रोमायलोसाइट या अर्धवट अवस्थेत अडकून वाढत राहतात. औषधाच्या मोठ्या मात्रेने ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल दिले की ही कुलपे उघडतात, जोडप्रथिन मोडले जाते आणि त्या पेशी प्रौढ होऊन आपल्या आयुष्यमानाप्रमाणे मरून जातात. पेशी मारण्याऐवजी तिला प्रौढ करून आजार आटोक्यात आणण्याची ही कल्पना शांघायमधील वांग झेन-यी यांच्या गटाने प्रत्यक्षात आणली. १९८८ साली त्यांनी २४ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला आणि ते सर्व रुग्ण आजारातून बाहेर आले होते. वैद्यकाच्या इतिहासात असे अहवाल फार थोडे आहेत.

आर्सेनिक ट्रायऑक्साइड त्याच जोडप्रथिनाच्या पीएमएलच्या बाजूला चिकटून त्याचा नाश करते. दोन औषधे दोन बाजूंनी एकाच शत्रूवर काम करतात, म्हणून ती बरोबर देतात. २०१३ साली इटली आणि जर्मनीतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, कमी आणि मध्यम धोक्याच्या रुग्णांत, या जोडीवर दोन वर्षांनंतर ९७ टक्के रुग्ण आजाराच्या पुनरागमनाविना किंवा अन्य गंभीर घटनेविना होते. रेटिनॉइक आम्ल आणि केमोथेरपी घेतलेल्या गटात हे प्रमाण ८६ टक्के होते. आर्सेनिक हे विष आहेच, त्यामुळे हृदयाचा आलेख आणि रक्तातील पोटॅशियम वरचेवर तपासतात. त्या तपासण्या चुकवू नयेत.

गाजराच्या रसाने हे होणार नाही. कॅरोटीनपासून होणारे रूपांतर शरीर स्वतःच्या गरजेपुरते ठेवते, आणि या आजारात लागणारी पातळी त्याच्या कितीतरी पट वर असते. आंबा हे अन्न म्हणून, डॉक्टरांनी कच्च्या फळांवर बंदी घातली नसेल तर, धुऊन, सोलून द्यावा. पण 'अ' जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्या किंवा माशाच्या यकृताचे तेल अजिबात देऊ नये. भावाला कोणतेही नवे औषध, विशेषतः बुरशीवरील गोळ्या, देण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे, कारण काही औषधांमुळे रेटिनॉइक आम्लाचे विघटन मंदावते.

एक गोष्ट घरातील प्रत्येकाला पाठ असू द्यावी. पेशी एकदम मोठ्या संख्येने प्रौढ होऊ लागल्या की काही रुग्णांना ताप, धाप, पायांना सूज आणि एकदोन दिवसांत अचानक वाढलेले वजन असा त्रास होतो. यावर डेक्सामेथासोन हे औषध तातडीने द्यावे लागते आणि उशीर जीवघेणा ठरू शकतो. उपचारांच्या पहिल्या टप्प्यात तरी देवगडला परत येण्याची घाई करू नये, रुग्णालयापासून जवळ राहावे, आणि रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. तीव्र डोकेदुखी किंवा दृष्टी अंधुक होणे हेही कवटीतील दाब वाढल्याचे चिन्ह असू शकते. तेही त्याच दिवशी सांगावे.

इतर रक्तकर्करोगांत हे औषध एकटे असा गुण देत नाही, कारण तिथे हे जोडप्रथिनच नसते. लहान मुलांमधील न्यूरोब्लास्टोमा या गाठीत मुख्य उपचारांनंतर आयसोट्रेटिनॉइन देतात, त्याला आधार आहे. पण 'अ' जीवनसत्त्व किंवा कॅरोटीन घेतल्याने कर्करोग टळतो, ही समजूत धोकादायक आहे. फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष १९९४ साली आले, बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी अशा गोळ्या घेऊ नयेत.

प्रश्न (मच्छीमार कुटुंबातील वाचक, हर्णै) : आमच्याकडे मुशीच्या (शार्क माशाच्या) यकृताचे तेल काढून लहान मुलांना देण्याची जुनी पद्धत आहे. ते चालू ठेवावे काय?

या तेलात 'अ' जीवनसत्त्व भरपूर असते हे खरे आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील कॉड माशाचे तेल येणे बंद झाले, तेव्हा भारताच्या किनाऱ्यावर मुशीच्या तेलाचा उद्योग उभा राहिला तो याच बळावर. पण मुशीच्या जातीप्रमाणे आणि आकाराप्रमाणे त्याचे प्रमाण फार बदलते, आणि घरी काढलेल्या तेलाच्या एका चमच्यात किती आहे हे कळण्याचा मार्ग नाही. बालकांना सरकारी कार्यक्रमातून नवव्या महिन्यात १ लाख एकक आणि पुढे दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एकक जीवनसत्त्व मिळत असते. त्यात घरच्या तेलाची भर पडली तर उलट्या, चिडचिड, तान्ह्या बाळाची टाळू फुगणे असा त्रास होऊ शकतो. गरोदर स्त्रीने तर दिवसाला १० हजार एककांच्या वर रेटिनॉलरूपातील 'अ' जीवनसत्त्व घेऊ नये, आणि हे तेल ती मर्यादा सहज ओलांडू शकते. म्हणून तेल बंद करावे, मुलांना मासे, अंडी आणि पालेभाज्या द्याव्यात, आणि आरोग्यसेविकेने दिलेल्या प्रत्येक मात्रेची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिली आहे ना, हे त्याच दिवशी पाहावे.